गेटाबाहेरचे पोट्टे

(बोरगावात दहावी-बारावी झालेल्या मुलामुलींसमोर आणि त्यांच्या घरच्यांसमोर केलेल्या बोलण्याचा हा मजकूर. पेजवर टाकताना थोडा नीट केला आहे, बाकी बोललो तसाच ठेवला आहे.)

मागे भिंतीला टेकून मोबाइल पाहात उभे असलेल्या पोट्ट्यांनो, खरं तर मी तुमच्यासाठीच आलो आहे. मी पण असाच मागे उभा राहायचो.

मला आज भाषण द्यायला सांगितलं तेव्हा विषय दिला होता, 'सीमाभाग आणि युवक'. मी म्हटलं, सीमाभागावर बोलणारे माझ्यापेक्षा हुशार लोक पुष्कळ आहेत. 1 नोव्हेंबर 1956 ला काय झालं, नागपूर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होती, ती एका दिवसात परराज्यातलं शहर कशी झाली, सौंसर आणि पांढुर्णा रेषेच्या या बाजूला कसे राहिले, हे तुम्ही या पेजवर वाचलंच आहे. मी फिटर आहे. मी रेषेवर नाही, गेटावर बोलतो.

आपलं गाव नागपूर-छिंदवाडा रस्त्यावर आहे. 1991 मध्ये रेमंडचा कापडाचा कारखाना इथे आला. पीबीएम पॉलिटेक्सची सूतगिरणी इथेच. सातनूरला भन्साळी इंजिनिअरिंगचा कारखाना, तिथे एबीएस नावाचं प्लास्टिक बनतं, जे गाडीच्या डॅशबोर्डात आणि फ्रीजच्या आतल्या बाजूला लागतं. म्हणजे आपण काही कोपऱ्यातल्या खेड्यात राहात नाही. शिफ्ट सुटली की रस्त्यावर सायकली-मोटारसायकलींची रांग दिसते. आपल्या घरातली घड्याळं त्या शिफ्टवर चालतात. आणि तरी दरवर्षी बारावीचा निकाल लागला की निम्मे पोट्टे मला विचारतात, "भाऊ, नागपूरले काही हाये का?"

घरापासून दोन किलोमीटरवर कारखाना आणि पोट्टा विचारतो नागपूरचं. काहून?

याचं उत्तर मला माझ्याच गोष्टीतून सांगता येतं, म्हणून सांगतो. मी 2006 ला बारावी झालो. बाबांकडे दोन एकर, त्यात संत्र्याची थोडी झाडं. संत्र्याच्या हंगामात पेट्या भरायला जायचो. मग ओळखीचे एक ठेकेदार होते, ते बाबांना म्हणाले, "पोट्ट्याले पाठवा, शिकून जाईल." मी गेलो. कारखान्याचं नाव घेत नाही. आत्ता ज्यांची नावं घेतली त्यांच्यापैकी तो नाही. कागदावर मी हेल्पर. पहिलं वर्ष झाडू आणि ऑइल पुसणं. दुसऱ्या वर्षी बेअरिंग बदलायला लागलो. तिसऱ्या वर्षी रात्रपाळीत मशीन बंद पडली की मलाच उठवायचे. चार वर्षांत मी फिटरचं अर्धं काम शिकलो, यात शंका नाही. ठेकेदार खोटं बोलले नव्हते, शिकून गेलोच.

मग ठेका बदलला. नवीन ठेकेदारानं स्वतःची माणसं आणली. मी बुटीबोरीला एका कंपनीत गेलो. समोरच्या साहेबांनी विचारलं, "अनुभव?" मी म्हटलं चार वर्षं. "कागद?" कागद नव्हता. हजेरीची वही ठेकेदाराजवळ, पगार हातात रोख, पीएफची पावती नाही. मग त्यांनी आधीचा पत्ता पाहिला आणि म्हणाले, "एमपीचे का तुम्ही? मग मराठी इतकी चांगली कशी?" मी हसलो. काय सांगणार? त्याच्या सहा महिने आधी भोपाळकडच्या एका साहेबांनी मला विचारलं होतं, "मराठी हो? नागपुर से आए हो?"

तुमच्यापैकी ज्यांनी बाहेर फॉर्म भरले आहेत त्यांना हे दोन्ही प्रश्न ओळखीचे असतील. तिकडच्या बाजूला आपण एमपीचे, इकडच्या बाजूला आपण महाराष्ट्राचे. महाराष्ट्रात सवलती घेणाऱ्या उद्योगांनी 80 टक्के जागा स्थानिकांना द्याव्यात असं त्या सरकारचं धोरण आहे, आणि स्थानिक म्हणजे राज्यात 15 वर्षं राहिलेला. लोधीखेड्याचा पोट्टा त्यात बसत नाही. बेळगाव, निपाणीकडच्या 865 गावांतल्या लोकांना महाराष्ट्र सरकारनं नोकरीसाठी आपलं मानलं आहे, चांगलंच केलं. पण ती 865 गावं कर्नाटकच्या वादातली. सौंसरचं नाव त्या यादीत नाही. म्हणजे मराठी बोलणाऱ्यांच्या रांगेतसुद्धा आपण शेवटी.

आता यावर आपण काय करतो? निवेदन देतो. द्यायलाच पाहिजे. मीही सह्या गोळा केल्या आहेत. पण मला एक खुपतं, आणि ते या पेजच्या लोकांसमोरच बोलतो. रेषेचा प्रश्न सुटायला आणखी तीस वर्षं लागली तर आज सतरा वर्षांचा पोट्टा सत्तेचाळीसचा होईल. तोपर्यंत त्यानं हेल्पर म्हणूनच राहायचं का?

मला ज्या वाटेनं पुढे जाता आलं त्या वाटेवर डोमिसाइल लागलं नाही. म्हणून तिच्याबद्दल जरा खोलात बोलतो. बुटीबोरीहून परत आलो, दोन वर्षं आयटीआय केलं, फिटर ट्रेड. बावीस-तेविसाव्या वर्षी पुन्हा बाकावर बसायला लाज वाटत होती. त्यानंतर एक वर्ष अप्रेंटिस. शेवटी परीक्षा आणि राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रमाणपत्र. जे काम मला आधीच येत होतं त्याचाच कागद मिळवायला तीन वर्षं गेली. पण तो कागद भोपाळात चालतो, नागपुरात चालतो, पुण्यात चालतो.

हा सगळा मामला 1961 च्या अप्रेंटिस कायद्याचा आहे. केंद्राचा कायदा. त्यात अप्रेंटिस कोण होऊ शकतो हे लिहिलंय: वय 14 पूर्ण, धोक्याच्या कामात 18, आणि त्या ट्रेडला लागणारं शिक्षण आणि शरीर. जन्म कुठला, मूळ निवासी कुठला, घरी बोलता काय, हे त्या अटींत नाही. आपल्यासाठी याचा अर्थ मोठा आहे. बोरगावच्या पोरीला बोरगावात अप्रेंटिस होता येतं आणि हिंगण्यातही. डिप्लोमा-डिग्रीवाल्यांची जी वेगळी योजना आहे, तिचं पश्चिम विभागाचं ऑफिस मुंबईत आहे, आणि त्याच एका ऑफिसात महाराष्ट्रही येतो आणि मध्य प्रदेशही. 1956 ची रेष त्या टेबलावर दिसत नाही. मला हे कळलं तेव्हा मी एकटाच हसलो होतो.

आता गेटाची गोष्ट. 2014 ला कायदा बदलला, 2019 ला नियम बदलले. आज ज्या ठिकाणी 30 किंवा जास्त माणसं आहेत त्यांनी अप्रेंटिस घ्यायलाच पाहिजेत. किती? एकूण माणसांच्या अडीच टक्के ते पंधरा टक्के. आणि एकूण माणसांत ठेक्याची माणसंही मोजायची. हे नीट ऐका, कारण आपल्याकडे निम्मी माणसं ठेक्याचीच. 200 माणसांच्या कारखान्यात किमान पाच अप्रेंटिस, आणि मालकाची इच्छा असेल तर तीसपर्यंत. 600 च्या ठिकाणी किमान पंधरा. 4 ते 29 माणसं असतील त्यांना सक्ती नाही, पण घेता येतात. म्हणजे ट्रॅक्टरचं वर्कशॉप आलं, मोठं गॅरेज आलं.

हे पैसे कोण देतं, हा काकांचा पहिला प्रश्न असणार. स्टायपेंड कारखाना देतो. 2019 च्या नियमांत कमीत कमी आकडे असे होते: पाचवी ते नववीवाल्याला महिन्याला 5000, दहावीला 6000, बारावी किंवा आयटीआयला 7000, डिप्लोमाला 8000, पदवीला 9000. आकडे सुधारत असतात, भरताना पोर्टलवर आजचे बघायचे. केंद्राची प्रोत्साहन योजना 2016 पासून आहे. त्यात स्टायपेंडचा चौथा हिस्सा, जास्तीत जास्त 1500 रुपये, केंद्र देतं, आणि 2023 पासून तो सरळ तुमच्या खात्यात येतो. शिवाय आपल्या राज्याची सीखो-कमाओ योजना 2023 ची. वय 18 ते 29, मध्य प्रदेशचे मूळ निवासी, बारावीला 8000 पासून पदवीला 10000 पर्यंत, आणि त्यातले 75 टक्के राज्य सरकार देतं. इथे आपलं एमपीचं असणं कामाला येतं. मिळतं ते घ्या. सरकारनं मराठीसाठी काय केलं नाही याची यादी वेगळ्या वहीत ठेवा.

"इतकं आहे तर मग पोट्टे बाहेर कसे?" हे मला माझ्या बाबांनीच विचारलं.

कारण कुणी मागत नाही. कारखान्याचं एचआर ऑफिस पोर्टलवर जागा टाकतं, आणि आपल्या पोरांना पोर्टल माहीत नाही. शाळेला माहीत नाही की शेजारच्या गेटाआत कोणते ट्रेड चालतात. घरच्यांना माहीत आहे तो ठेकेदार. म्हणून सगळा रस्ता त्याच्यातून जातो. ठेकेदार वाईट माणूस असतो असं मी म्हणत नाही. पण त्याला हेल्पर पाहिजे, फिटर नको. फिटर महाग पडतो.

मधला रस्ता सरकार बांधेल असं मला वाटत नाही, आणि कारखाना एकटा बांधणार नाही. जिथे बांधला गेला तिथे गाव आणि शाळा एकत्र आले होते. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात पाबळ आहे. दुष्काळी गाव, आपल्यासारखी संत्रीसुद्धा नाहीत. डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्तान लिव्हरमध्ये मोठ्या जागेवर होते, अमेरिकेत पीएचडी झालेले. त्यांनी नोकरी लवकर सोडली आणि 1983 ला पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सुटलेल्या पोरांना घेऊन त्यांनी वर्षभराचा कोर्स केला, राहून शिकायचा: वेल्डिंग, बांधकाम, वायरिंग, शेती, जनावरं, सगळं थोडं थोडं. नंतर तेच शाळेत आणलं. आठवी ते दहावीच्या पोरांनी आठवड्यातला एक दिवस हातानं काम करायचं. मुलींनी वेल्डिंग करायचं, मुलांनी स्वयंपाक. शिकवणारे कोण? गावातलेच कारागीर. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ही की पोरं सरावासाठी खोटं काम करत नव्हती. गावातल्या कुणाचं तरी फाटक, कुणाची तरी वायरिंग, अशी खरी कामं घ्यायची. महाराष्ट्राच्या बोर्डानं पुढे त्या विषयाला मान्यता दिली, आणि पुष्कळ शाळांत तो गेला. कलबाग 2003 ला वारले. आश्रम चालू आहे. 2002 ला अमेरिकेतल्या एमआयटीच्या मदतीनं तिथे फॅब लॅब उभी राहिली, अमेरिकेच्या बाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी एक.

आपण पाबळ नाही, आणि आपल्याकडे कलबाग नाहीत. पण पाबळकडे नसलेली एक गोष्ट आपल्याकडे आहे. आपल्याकडे कारखाने आहेत, आणि त्यात तीस-तीस वर्षं काम केलेली माणसं याच सतरंजीवर बसली आहेत. सूत कुठे तुटतं हे आवाजावरून सांगणारे काका इथे आहेत. रिटायर झाले की ते चौकात बसतात. शाळेत त्यांना कुणी बोलावत नाही. 2020 च्या शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या पोरांसाठी दहा दिवस बिनदप्तराचे ठेवायला सांगितलं आहे, त्या दिवसांत पोरांनी गावातल्या सुताराकडे, माळ्याकडे, कुंभाराकडे बसून काम पाहायचं. आपल्या शाळेच्या सरांना माझी विनंती आहे, ते दहा दिवस चित्रकला स्पर्धेत घालवू नका. मी दोन दिवस सुट्टी टाकून येतो. मोटर उघडून दाखवतो.

जर्मनीचं उदाहरण लोक नेहमी देतात. मी तिकडे गेलो नाही, पण पद्धत सोपी आहे: पोरगं आठवड्याचे तीन-चार दिवस कारखान्यात, एक-दोन दिवस शाळेत, आणि परीक्षा व्यापारी-उद्योजकांची संघटना घेते. म्हणजे कारखान्यालाच वाटतं की हा पोरगा आपला. 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल माणसं पाठवायचा करार केला. नागपूरचा पोट्टा आता स्टुटगार्टला जाऊ शकतो. लोधीखेड्याच्या पोट्ट्याला मात्र सावनेरच्या पुढे सांगावं लागतं की मी कोण. असो.

भाषेचं बोलतो, कारण शेवटी आपण त्यासाठीच जमतो. प्राथमिक शाळेत मातृभाषेतून शिकवायची सोय करावी हे संविधानात आहे, कलम 350-अ. ते भांडण चालू ठेवायचंच. पण ट्रेड शिकताना मराठी नसते म्हणून आपले पोट्टे मागे पडतात, असं मला आधी वाटायचं. मग कळलं की चेन्नईची निमी नावाची केंद्राची संस्था आयटीआयची पुस्तकं काढते, आणि फिटर, इलेक्ट्रिशियनची पुस्तकं मराठीतही आहेत. मी हिंदीतून आयटीआय केलं. 'टॉलरन्स' म्हणजे काय हे मला वर्गात समजलं नव्हतं. नंतर मराठीत वाचलं, जितकी चूक चालते तितकी, आणि डोक्यात दिवा लागला. मराठीत शिकणं म्हणजे फक्त कविता नाही. मायक्रोमीटर धरणं पण मराठीत शिकता येतं. मग हिंदीत बोला, इंग्रजीत बोला, बोलायला काय जातं.

आता थोडं सावध करतो. 'अप्रेंटिस' हा शब्द ठेकेदारही वापरतात. "सहा महिने ट्रेनिंग, मग पाहू," म्हणतात. ते अप्रेंटिस नाही. खऱ्या अप्रेंटिसशिपमध्ये लेखी करार असतो, तो पोर्टलवर नोंदवलेला असतो, त्याला नंबर असतो. पैसे बँकेत येतात. ट्रेडचं नाव लिहिलेलं असतं. शेवटी परीक्षा असते. तुम्हाला कामगार म्हणत नाहीत, शिकणारा म्हणतात. म्हणून सरकारी अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय ओव्हरटाइम करून घेता येत नाही. सुरक्षेचे नियम मात्र कामगारासारखेच लागतात, आणि काम करताना लागलं तर भरपाई कामगारासारखीच. कुणी नंबर देत नसेल तर समजा की तुम्ही हेल्पर आहात. हेल्पर म्हणून जायचं असेल तर जा, घरची अडचण असते, पण माहीत असून जा.

आणि हेही माहीत असू द्या की अप्रेंटिसशिप म्हणजे नोकरी नाही. करारात लिहिलं नसेल तर कारखान्यावर तुम्हाला ठेवायची सक्ती नाही. वर्ष संपलं की "या" म्हणू शकतात. माझ्या बॅचच्या काही जणांना तसंच म्हटलं. पण ते गेटाबाहेर आले ते कागद घेऊन आले. मी पहिल्यांदा बाहेर आलो तेव्हा माझ्या हातात डबा होता.

मुलींबद्दल एकच गोष्ट. गेल्या वर्षी एका काकूंनी मला सांगितलं, "पोरीले एकटी नाही पाठवत." बरोबर आहे, मीही पाठवणार नाही. पण चार जणी एकाच शिफ्टला, एकाच गाडीनं गेल्या तर? त्याच काकू म्हणाल्या, "मंग पाहू." तर मग चार जणींचे फॉर्म एकत्र भरू, आणि कारखान्याला विचारताना चौघींचं एकत्र विचारू. कारखान्यालाही एका पोरीसाठी गाडी परवडत नाही, चौघींसाठी तो विचार करतो. एकट्या घरानं हे होत नाही, गावानं होतं.

म्हणून माझं म्हणणं आहे की गेटावर एकेका पोट्ट्यानं बायोडाटा घेऊन जाणं बंद करा. वॉचमन तो डब्यात टाकतो, मी पाहिलं आहे. शाळेचे एक सर, पंचायतीतलं एक माणूस, रिटायर झालेले एक काका आणि दोन आया, असे पाच जण अर्ज घेऊन एचआरकडे जाऊ. अर्जात भीक नाही, भांडण नाही. इतकंच विचारायचं: यंदा तुमच्याकडे कोणत्या ट्रेडचे किती अप्रेंटिस घ्यायचे आहेत, पोर्टलवर कधी टाकणार, आणि आमची ही इतकी पोरं तयार आहेत, यादी जोडली आहे. कायद्यानं त्यांना घ्यायचेच आहेत, आणि शेजारच्या गावची पोरं वर्ष अर्धं सोडून पळत नाहीत हे त्यांनाही माहीत आहे. एकदा मी आणि दोघं मित्र असंच गेलो होतो, फक्त तिघं, अर्जाविना. चहा पाजून परत पाठवलं. कुठल्या कारखान्यात ते सांगत नाही. चूक आमचीच होती, हातात यादी नव्हती.

यादी आज करायला घेऊ. नाव, वर्ग, वर्ष, कोणतं काम करायला आवडतं. आवडतं तेच लिहा, मित्रानं लिहिलं ते नको.

आणि घरी गेल्यावर एक करा. मार्कशीट, आधार आणि बँकेचं पासबुक एका रांगेत ठेवा आणि तिन्हींवरचं नाव अक्षर लावून वाचा. आपल्याकडे ळ चा मोठा घोळ आहे. घरी आपण धवळे, शाळेच्या हिंदी मार्कशीटवर धवले, आणि इंग्रजीत लिहिणाऱ्यानं कानाला आलं तसं लिहिलेलं. बाळकृष्णचा बालकृष्ण झालेला असतो. पोर्टल आधारशी नाव जुळवतं, जुळलं नाही की फॉर्म तिथेच अडतो, आणि दुरुस्तीला महिना जातो. ज्यांचं जुळत नाही त्यांनी आजच मला सांगा, त्यांची यादी वेगळी करू आणि आधी त्यांनाच आधार केंद्रावर घेऊन जाऊ.

वही कुणाकडे आहे? आणा इकडे. काकू, तुमच्या पोरीपासून सुरू करू.